मोहटोला.भारत हे नाव हातचे जाऊ नये म्हणून

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, साकोली, जि. भंडारा

अर्जदार: सौ. कौशल्याबाई मधुकरराव हेडाऊ, कोसा रेशमाच्या साड्यांचा व्यापार, रा. मोहाडी. माहेर मौजा मोहटोला, एकोडीजवळ.

विषय: मोहटोल्याच्या मारुतीच्या देवळात कुलूपबंद असलेला अर्जदाराचा मोबाइल उद्या, शुक्रवारी, आपल्या समक्ष उघडला जाण्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराची सोमवारची तोंडी तक्रार. साहेब दौऱ्यावर असल्याने ती शिपायाने ऐकून घेतली व “लिहून आना” असे सांगितले.

महोदय,

अर्जदार बाई कचेरीसमोर माझ्या, म्हणजे अर्ज लिहिणाऱ्याच्या, टेबलापाशी सकाळपासून उभी आहे. बसा म्हटले तरी बसत नाही. तिने सांगितले तसे लिहून सादर करतो.

१) अर्जदार ही कोसा विकणारी. धंदा मोबाइलवर आला तेव्हा तिच्या ध्यानात आले की इंटरनेटवरही दुकानाला पाटी लागते, आणि इंग्रजीतल्या चांगल्या पाट्या लोकांनी केव्हाच पटकावल्या आहेत. आपल्या लिपीतल्या मात्र रिकाम्या पडून होत्या. शेवटाला .भारत लावून मराठीत नाव नोंदवता येते, दरसाल फी भरली की ते आपल्याकडे राहते, पुढे गरजवंताला विकताही येते. बाईला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्यासारखी माणसे आपल्या लिपीतच शोधणार, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. मधुकरराव म्हणाले, “हवा विकत घेऊन राहिली का?” तिने कानाआड केले. धानाचे, कोशाचे, पोह्याचे अशी नावे घेतली. पोह्याचे नाव विकून दाखवले तेव्हा घरच्यांना पटले.

२) मोहटोला.भारत मात्र तिने विकायला घेतले नाही. ते माहेरचे नाव. नागपूरकडचा एक प्लॉटवाला मोहटोल्याच्या तलावाकाठी फार्महाऊसचे प्लॉट पाडण्याच्या बेतात आहे. त्याने जाहिरातीसाठी हे नाव मागितले. बाईने तोंडावर नाही म्हटले. “मुदत संपली की घेऊ,” म्हणाला आणि तेव्हापासून टपून बसला आहे. पुढचे वाचताना साहेबांनी या माणसाला विसरू नये.

३) कोष्ट्याच्या घरी नवी खरेदी नारळाशिवाय उघडत नाही. कोशाच्या नावाचा नारळ मागापाशी फुटला, धानाच्या नावाचा शेतात. मोहटोल्याचा कुठे फोडावा? हे ठरेस्तोवर वर्ष सरत आले. शेवटी बाईने एस.टी. धरली आणि गावच्या शिवेवर फोडला. साहेब परमुलखातले, म्हणून सांगतो: इकडे शिवेवर नारळ फोडतो तो जमीन घेणारा. शेळ्या चारणाऱ्या धुरपताने पाहिले आणि हटकले. बाईने खरे ते सांगितले, की गावाचे नाव घेतले आहे, मोबाइलवर. धुरपताने गावात जाऊन सांगितले की नावापायी कोणी नारळ फोडत नसते, बाईने जमीनच घेतली. त्याच आठवड्यात प्लॉटवाल्याची मोजणीची माणसे तलावावर उतरली. आता लोकांना कोण समजावणार, आणि कसे?

४) मोहटोल्याचा पोलीस पाटील डोमा हा अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ. तुझ्या बहिणीने गाव विकला, म्हणून लोकांनी त्यालाच घेरले. मारुतीपुढे बैठक बसली. बाईने भाबडेपणाने मोबाइल उघडून दाखवला, आणि तिथेच घात झाला. वर गावाचे नाव, खाली मालक म्हणून तिचे. डोमाने मोबाइल काढून घेतला, देवापुढे ठेवला आणि दाराला कुलूप घातले. म्हणाला, “गाव वापस कर, मंग मोबाइल ने.” भांडणातली वस्तू निवाडा होईस्तोवर मारुतीपाशी ठेवायची तिथली रीत आहे. अशा वस्तूला कोणी हात लावत नाही, अर्जदारही लावणार नाही.

५) बाई वापस करायला तयार आहे. नाव गावाच्याच नावे करून देते, असे तिने चारचौघांत सांगितले. पण नाव नोंदवलेले खाते उघडायला सहा आकड्यांचा ओटीपी लागतो आणि तो त्याच मोबाइलवर येतो. म्हणजे गाव वापस केल्याशिवाय मोबाइल नाही, आणि मोबाइलशिवाय गाव वापस होत नाही. दुसरे सिम काढावे तर सिम डोमाच्या आधारवर आहे. त्यानेच एके काळी हौसेने बहिणीला घेऊन दिले होते. कंपनीवाले म्हणतात, भावाचा अंगठा आणा. भाऊ दारात उभे करत नाही. नात गुड्डीने नाव नोंदवणाऱ्यांना फोन लावला, तर त्यांनीही नंबर तोच मागितला.

फीची मुदत सरली आहे. वरचे सवलतीचे दिवस उद्या संपतात. मग नाव सुटणार आणि प्लॉटवाला ते उचलणार. बाकीची नावे गेली तर गेली, त्यांचे रडगाणे बाई गात नाही. पण हे एक गेले तर जो आळ खोटा आहे तो खरा ठरेल, आणि तिने गाव विकला नाही हे जन्मात कोणाला पटणार नाही. “मले माहेर नाही राहनार जी,” एवढेच ती म्हणाली.

६) सबब विनंती की साहेबांनी उद्या दिवस मावळायच्या आत मोहटोल्याला स्वतः यावे. साहेबांच्या शब्दावर डोमा कुलूप काढेल. मोबाइल बंद पडला असणार, म्हणून चार्जर सोबत जोडला आहे. मोबाइल अर्जदाराच्या हाती देऊ नये. ती गुड्डीचा मोबाइल घेऊन पायरीखाली उभी राहील. फी भरून नाव लागलीच गावाला लिहून देईल.

७) ओटीपी आला की आकडे डोमाने मोठ्याने वाचावेत. साहेबांनी नाही, शिपायाने नाही, डोमानेच. हे कलम कचेरीच्या कामाचे नाही म्हणून मी खोडायला निघालो, तर बाईने माझा हात धरला. कुलूप लागले त्या दिवसापासून भाऊ तिच्याशी बोललेला नाही, समोर आली तर पाठ फिरवतो. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहावे असा तिचा हुकूम आहे: “सहा आकडे तं सहा आकडे, माह्यासंग बोलन तं खरा.”

उद्या पायरीखाली आपली वाट पाहणारी,
आपली नम्र,
कौशल्याबाई मधुकरराव हेडाऊ (सही)

साकोली, गुरुवार, दि. १४ नोव्हेंबर २०१९
अर्ज लिहिणार: सुखराम, अर्जनवीस

सोबत: कुलूप लागण्याआधी आलेल्या मुदतीच्या संदेशाची छापील प्रत, चार्जर, एक.