तिकीट विकणारा बसमध्येच होता

ऑर्नेला,

बाबांच्या गावची बस चुकली. त्यांचा फोन आला तर सांग, चुकलेली नाही.

बोलोन्यात बसचं तिकीट तंबाखूवाल्याकडे मिळतं आणि रविवारी त्याचं दुकान बंद. ड्रायव्हर म्हणाला, "तिकिटाशिवाय चढायचं नाही." आत पहिल्याच सीटवर कोण? आपला तंबाखूवाला एर्मेते! म्हटलं, "काका, एक तिकीट द्या ना!"

"सुट्टीच्या दिवशी धंद्याचं बोलू नये, पोरा," म्हणाला आणि बससकट गेला की निघून!

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर बाबांनी मला जेवायला बोलावलंय. उशीर झाला तर पुन्हा दार उघडणार नाहीत. तुझी सायकल नेतोय. चाळीस किलोमीटर, सगळा चढ.

नगरपालिकेस नम्र विनंती की, अर्जदार पोहोचेपर्यंत आज दुपारचा एक वाजू देऊ नये.

सिल्वानो