पडवीतला भात

४ मे
आज पनवेलला रुजू झाले. आया पुरवणाऱ्या ब्यूरोतल्या बाईंनी घर चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं, ते खरं निघालं. इस्रायल तलावाजवळ बैठं घर, मागे पडवी, पडवीपुढे फणस. रोडपालीच्या मागच्या कामावर जिने चढून गुडघे गेलेत, त्यामुळे एकही पायरी नाही हे पाहूनच निम्मा शीण उतरला. ज्यांचं सगळं करायचं त्या हासाजीबाबांनी शंभरी ओलांडलीय. जुन्या फौजेतले. त्यांची मुलगी सिप्पोराताई स्वतः सत्तरीच्या पुढची, निवृत्त मास्तरीण. घर ज्यूंचं; भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, या दोघांनीच जागा सोडली नाही. जेवायला नारळाच्या दुधातलं पापलेटाचं कालवण होतं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

७ मे
कामाचा जम बसला. बाबा हलके आहेत, कूस बदलताना त्रास नाही. पाठीला कुठे जखम नाही. ताईंनी एकटीने फार निगा राखलीय. एकच नवल. दुपारी तिघांना पुरेल त्याच्या कितीतरी पट भात शिजतो. परातभर भात पडवीत ठेवायचा आणि बाबांची खुर्ची तिथे लावायची. भांडी घासून येईपर्यंत परात लख्ख. मला वाटलं कावळे, कुत्री. ताई म्हणाल्या, आई होती तेव्हापासून हे चाललंय, आता विचारायचंही त्राण नाही.

१० मे
आज बाबा आपणहून बोलले. सिंगापूर पडलं तेव्हा विशीचेसुद्धा नव्हते. जपान्यांनी कैद केलं, पुढच्या वर्षी बोटीत कोंबून न्यू गिनीला नेलं, वेवाकजवळच्या रानात. रस्ते खणायचे, ओझी वाहायची. मग अमेरिकन फौज येणार म्हणून सगळे वाट बघत बसले. ती आलीच नाही. वेवाक मागे टाकून ती पुढे हॉलंडियाला उतरली.
"लढाई आमाला वलांडून गेली," म्हणाले. "आमी आनि जपानी, दोगं बी मागंच रायलो. रसद बंद."
मी पाणी पाजलं.

१३ मे
पडवीत कुजक्या ओल्या पाल्याचा वास. एवढ्या उन्हात ओल कुठली? तळोज्याच्या कारखान्यांकडून येतो म्हणून मी खिडक्या लावल्या, तर तो घरातच होता. आज मी भांडी ठेवून पडवीतच थांबले. कोणी आलं नाही. पण परातीतला भात मूठमूठ कमी होत गेला, मी बघत असताना. बाबा म्हणत होते, सावकाश खावा, हाय अजून.
कोण आहेत, विचारलं. आपली पोरं, म्हणाले. तिथं भुकेनं गेलेली.
मग माझ्याकडे न बघता: जपानीही उपाशी होते. रोज आपल्यातल्या एकाला कामाला म्हणून न्यायचे. तो परत यायचा नाही. आणि तिकडे त्यांची चूल पेटायची.
"ते जपानी बी येतात," म्हणाले. "पोरं दारात बसतात, म्हनून आत येत नाय."

१४ मे
काम सोडायचं ठरवून ताईंकडे गेले. त्या जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या, निवडता निवडता डोळा लागलेला. परत आले. आणखी थोडे दिवस.

१६ मे
बाबांना सकाळी धाप लागली. ॲम्ब्युलन्सने कामोठ्याच्या इस्पितळात नेलं. ताई सोबत गेल्या. जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या,
"सुनंदाबाई, भात टाकत राहा."
टाकला. संपला.

१७ मे
टाकला. संपायला वेळ लागला. अर्धवट खाऊन कोणीतरी उठल्यासारखं. ताईंचा फोन, बाबा डोळे उघडत नाहीत. मला झोप नाही, भूकही नाही. नुसती थकलेय.

१८ मे
बाबा पहाटे गेले. ताई म्हणाल्या, सगळं उरकून संध्याकाळी येते, तोवर घर उघडं ठेवू नका.
भात टाकला.

दुपार. परातीला कोणी हात लावलेला नाही. भात वरून सुकून कडक झालाय. पोरं गेली असतील, बाबांबरोबर. सुटली बिचारी. मी पिशवी भरलीय, पुढच्या दारानं

पुढच्या दारात ओला पाला पडलाय. दार आतून लावलं होतं.

वास पडवीत. आता माजघरातही. ताईंना फोन लावते, घेत नाहीत — दफनाला असतील —

दिसतात. आज दिसतात. हाडं नुसती. माझ्याहून दमलेली. रागावलेलं कोणी नाही. परात पुढे सरकवली, म्हटलं खा, खूप आहे, अजून टाकते —

बघतसुद्धा नाहीत भाताकडे. ही पोरं नव्हेत.

एक जण जवळ येऊन बसलाय. माझा दंड चाचपतोय, हलकेच, बाजारात चाचपतात तसा, आणि दुसऱ्याला मान हलवून