पुलाच्या मधल्या दिव्यापर्यंत

राजिवडा, रत्नागिरी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमैमा,

सलाम. घरी सगळे बरे असतील.

सहा ऑक्टोबरला दुपारी साडेबाराला सगळं बदललं. तुला वाटतं, मी फोनवर ओरडलो आणि तू मला ब्लॉक केलंस तेव्हा. ते नंतर, एक वाजता.

इथे ठीक. रोज चालतो. सिगारेट सोडली. तुझ्यासाठी सोडली, असं लिहिणार होतो. खोटं झालं असतं.

साडेबाराला जहाजाच्या मेडिकलला डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. एकशेसाठ, शंभर. बसवून तीनदा मोजलं. बाविसाव्या वर्षी बीपी! "आत्ता जहाजावर नाही. मीठ कमी कर, चाल, गोळी चुकवू नको. सहा आठवड्यांनी ये." बाहेर आलो तर तुझा फोन, "जहाजावर चढायची तारीख मिळाली?"

'पुढे गेली' म्हणालो, ते खोटं. तू 'का?' विचारत राहिलीस, म्हणून ओरडलो. कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते जहाजासाठीच ना? तुझ्या अब्बांना जहाजावरचा जावई पाहिजे म्हणून.

आपल्याकडे आजाऱ्याला काय देतात? अम्मीने कालवणातलं मीठ बंद केलं आणि दोन्ही वेळा पेज, भाजलेला सुका बांगडा, वर लोणचं. तीन आठवड्यांनी आकडा तिथेच. नर्सने विचारलं, "खातोस काय?" ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, बांगडा मिठातच सुकवतात ना?"

"पण वरून कणभर नाही घातलं!" सोबत आलेली अम्मी रडकुंडीला.

घरी येऊन मी ताट भिरकावलं. अम्मी भातकण वेचत म्हणाली, "मला मार हवं तर. पण आवाज चढवू नको, तुझं वाढेल."

तेव्हापासून घरात कोणी माझ्याशी भांडत नाही. इफ्फतसुद्धा नाही, माझी सख्खी बहीण! सगळे माझ्याकडे उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तसं बघतात. जीव गुदमरतो.

म्हणून भाट्याच्या पुलावर चालतो. मधल्या दिव्यापर्यंत. तिथून पलीकडचं तुमचं कौलारू घर दिसतं. मग मागे फिरतो.

काल इफ्फत म्हणाली, रविवारी तुझे अब्बा संगमेश्वरहून तुझ्यासाठी आलेल्या स्थळाला होकार कळवणार. माझं मेडिकल सोमवारी.

आज तुझ्या अब्बांसमोर बसून सगळं सांगणार. पास होईन का, माहीत नाही. गोळी कदाचित जन्मभर. ते नाही म्हणाले तरी ओरडणार नाही. तुला नाही म्हणायचं असेल तर तूही म्हण. हे पत्र तुला मीच देईन.

अम्मी विचारतेय, "कुठे, पुलावर?"

"पलीकडे."

हे दार मी आजवर आपटतच आलो. आता बाहेर पडतो, आणि हळूच ओढून लावतो.

अजून तरी तुझा,
फैझान