वरणाचं पाणी

ढाणकी, गुरुवार, १२ जानेवारी १९६१

"पोरीच्या जातीले वरणाचं पाणी पुरते," असं आत्या म्हणायची, आणि मी लहानपणी ते मुकाट प्यायचे. आज त्या वाक्याचा संताप येतोय.

धाकट्या जावेची शेवी अडीच वर्षांची. भाऊ झाला, तिचं अंगावरचं दूध तुटलं, आणि पुढे घरभर कौतुक: पोरीनं काय बाळसं धरलं! आज दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

म्हणाले, "हे बाळसं नाही, सूज आहे. रक्तातलं एक प्रथिन पाणी नसांत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी अंगात उतरतं. केस तांबूस झालेत, कारण केसही प्रथिनाचेच. डाळ द्या, दूध द्या, अंडं द्या."

घरी सासूबाई उसळल्या, "डाळ जड जाते पोरीले! डाक्टरले काय समजते? अन् अंडं? चूल बाटवतं काय माही?"

कोठीत आमच्याच शेतातली तूर भरलीय! तरी तळाचं घट्ट वरण पुरुषांच्या ताटात, आणि शेवीला वरचं पाणी. वाढते कोण? मीच ना? इतकी वर्षं माझा हात कसा थांबला नाही?

तो खळगा. माझ्याच पळीनं पडल्यासारखा.

सासूबाई नाहीच म्हणतील, ठाऊक आहे. तरी उद्या पुरुषांची ताटं मांडण्याआधी विचारणार: आई, आज तळाचं वरण आधी शेवीला वाढू?