रहमाची सवत

४ मार्च
पोहोचले एकदाची तेतुआनला! लल्ला बतूल यांनी घराची माडी भाड्याने दिली. आन्सेल्म द्युक्रो हा फ्रेंच चित्रकार याच माडीवर राहिला, इथेच रंगवत बसला आणि इथेच मेला. त्याच्यावर कुणी धड चार ओळी लिहिलेल्या नाहीत. जन्मगाव ठाऊक नाही, आपल्या मुलुखात का आला तेही ठाऊक नाही. मला त्याचाच आनंद आहे. नावाजलेल्या चित्रकारांवर आधीच दहा जण हक्क सांगून बसलेले असतात. हा माझा एकटीचा. रबातला विद्यापीठातल्या आमच्या विभागात म्हणतात, गिझलान लग्नाचं वय मेलेल्या माणसापायी घालवतेय. म्हणेनात का!

लल्ला बतूल सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. हरिरा सुपाचा वाडगा पुढे सरकवत म्हणाल्या, रबातच्या पोरी म्हणजे नुसती हाडं, आधी खा, मग शोध तुझ्या त्या गोऱ्याला.

७ मार्च
त्याची चित्रं अजून माडीच्या भिंतींवर आहेत. कुणी लोकर रंगवतेय, कुणी विहिरीशी उभी आहे, कुणी गच्चीवर केस वाळवतेय. चेहरा मात्र सगळीकडे एकच. लांब डोळे, हनुवटीवर गोंदण. ही कोण म्हणून विचारलं, तर लल्ला बतूल म्हणाल्या, रहमा, त्याची बायको. तो मुसलमान झाला, वडीलधाऱ्यांनी हात वर करून फातिहा म्हटली, झालं लग्न. कागद कुणी केला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लल्ला बतूल हसल्या. म्हणाल्या, तोंड का उतरलं ग, तुझा नवरा पळवला का तिने?

कागद नाही ना, मग ती बायको नाही. माझ्या पुस्तकात ती 'एक स्थानिक मॉडेल' असेल. नावसुद्धा देणार नाही.

१० मार्च, शुक्रवार
कुसकुस खायला लल्ला बतूल यांचे भाऊ सी मफद्दल आणि त्यांचे जावई आले होते. मी द्युक्रोबद्दलच बोलत राहिले. सी मफद्दल म्हणाले, ही पोर पुस्तक नाही लिहीत, सासर बघायला आलीय, फातिहा म्हणूनच टाकू का? आणि खरंच तळवे वर केले. जावई हसत होता. सी मफद्दल यांनी मला विचारलं, कबूल? मी म्हटलं, कबूल. ते दोघे चेष्टा करत होते. मी करत नव्हते. आमच्याकडे एवढ्यावर संसार उभे राहतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. रहमाकडे जे होतं, ते मला हवं होतं.

लल्ला बतूल यांनी भावाच्या हातावर फटका मारला. म्हणाल्या, म्हाताऱ्या, हे शब्द चेष्टेतही लागू होतात. वर ती ऐकतेय. वर कोण, असं जावयाने विचारलं. त्यांनी त्याच्या पुढ्यात आणखी कुसकुस वाढलं.

१२ मार्च
दुपारी माडीवर चित्रकार रंगात कालवतात त्या जवसाच्या तेलाचा वास. ताजा. मी काफ्तान घालून खिडकीपाशी बसून राहिले. इतकी सुखात कधी नव्हते. फक्त एकच— चित्रातली रहमा खाली बघायची. आता सगळ्या चित्रांतून माझ्याकडे बघते.

लल्ला बतूल म्हणाल्या, तिच्यावर सवत होऊन आलीस, आता सोस. नाहीतर आजच्या बसने रबातला जा. मी का जाऊ? तिने जावं!

१४ मार्च
भिंग घेऊन चित्रं तपासली. हात वेगवेगळे आहेत. एकीचे जाडजूड, एकीच्या मनगटावर भाजल्याचा डाग, एक तर अगदीच कोवळी पोर. बायका वेगळ्या, चेहरा मात्र रहमाचा.

लल्ला बतूल यांना खोदून विचारलं. मग त्यांनी सांगितलं, रहमा लग्नाच्या वर्षातच वारली. पुढे तो दुसऱ्या बायकांना समोर बसवायचा आणि तिचा चेहरा उमटेपर्यंत रंगवत राहायचा. त्या बायकांचं पुढे काय झालं? लल्ला बतूल म्हणाल्या, जिना चढलेल्या ऐकल्यात, उतरलेली एकही नाही.

मी घाबरायला हवं होतं. पण जळफळाटच जास्त झाला. इतक्या बायका, आणि तरीही त्याला तीच हवी!

१५ मार्च
कुंचला गालावर फिरला. ओला, गार. हात दिसत नाही. मी त्याला माझं नाव सांगितलं— गिझलान— पुन्हा पुन्हा सांगितलं. एकदा तरी मला रंगव— माझ्यासारखी—

१६ मार्च
खाली उतरायला निघाले होते. दार उघडत नाही. लल्ला बतूल बाहेरून धक्के मारताहेत, रडताहेत. आज हनुवटी. टोचतंय— गोंदताना टोचतं तसं—

१७ मार्च
तो दिसला. डोळे भरून आलेत त्याचे. माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं—

खिडकीच्या काचेत बघितलं. लांब डोळे. तिचे. तो मला बघतच नाहीये, तिला— माझ्याच तोंडावर बसलीय ती— नखांनी खरवडलं, रंग निघत नाही, खाली माझं काही उरलेलंच—

हाक मारतोय. रहमा म्हणून. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ओ तिने दि—