बालयेशू हरवल्याचा धडा

बाबा, परवाच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी चर्चमागच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहिले आणि धर्मशिक्षणाचा तास चोरून ऐकला. तास तिचा होता. तुमच्या लाडकीचा, त्या ऊसतोड्यांच्या पोरीचा. नवरा गेल्यावर ती पुण्याहून गावी परत आली आणि फादरांनी पहिल्या कम्युनियनची, पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसाद घेणारी लहान मुलं तिच्याकडे सोपवली. तुमच्यामागे इतकी वर्षं ती मुलं माझी होती. मला आता त्यापुढच्या संस्काराची, दृढीकरणाची मोठी मुलं दिली आहेत. "बाई, तुम्ही शाळेत शिकवलेलं आहे, मोठ्यांना तुम्हीच आवराल," फादर म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन भांडी आपटली.

तुम्हाला सगळं गाव मास्तर म्हणायचं, आणि तासाला मीही मास्तरच म्हणायचं असा तुमचा नियम होता. घरी तुम्ही मुके. सायकल भिंतीला टेकवायची, हातपाय धुवायचे आणि आई भाकरी थापत असायची तिथे चुलीजवळ बसून खाली मान घालून जेवायचं. मी काही विचारलं तर नुसतं "हं". पण रविवारी त्याच तोंडातून काय काय निघायचं! दयाळू शोमरोन्याची गोष्ट तुम्ही थेट घोडेगावच्या बाजारात आणून ठेवायचात. बैल विकून निघालेला माणूस चोरांनी लुटून वाटेत टाकलाय. फादरांची जीप जाते, सरपंच जातो, थांबत कुणीच नाही. थांबतो तो शिंगणापूरला तेलाचे डबे घेऊन चाललेला टेम्पोवाला. "मास्तर, त्यो आपल्यातला हुता का?" एक पोर विचारतं. "न्हाई. म्हनून तर येशूनं त्याला निवडला," तुम्ही डोळे मोठे करून सांगता. सगळे तुमच्याकडे बघत राहतात, आणि मी पुढच्या रांगेत बसून मनात म्हणते, हा माणूस आमच्या घरी का येत नाही?

तुमची ती लाडकी मागच्या रांगेत बसायची. आईबाप कारखान्याच्या टोळीबरोबर गेलेले, ती आजीजवळ. वाचता येत नव्हतं, म्हणून दहा आज्ञा तुम्ही तिला बोटांवर शिकवल्यात, तिचं एकेक बोट धरून. माझं बोट तुम्ही कधी धरल्याचं मला आठवत नव्हतं. एकदा ती चौथ्या आज्ञेला अडली, आईबापाचा मान राखायच्या, आणि मी पटकन सांगून टाकलं. "तुला इचारलं का? भाईर बस," तुम्ही म्हणालात. मी चपलांच्या ढिगाजवळ बसले आहे. आत ती पाचवी म्हणते, सहावी म्हणते, शेवटी तुमचं "शाब्बास" ऐकू येतं. पुढे कम्युनियनला तुम्ही नगरहून पांढरंशुभ्र कापड आणलंत, ते तिच्या फ्रॉकला. माझ्यासाठी आईने मावसबहिणीचा जुना फ्रॉक उसवून बेतला. मी रडले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला हाय की समदं." काय होतं मला? तुम्ही होतात, पण तेही तिच्याच वाट्याला जास्त.

तर परवा ती बालयेशू हरवल्याचा धडा शिकवत होती. सणाहून परतताना मरिया आणि योसेफ यांच्या लक्षात येतं की पोरगा बरोबर नाही, आणि दोघं मागे फिरतात. एवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, "आमच्या मास्तरांची लेक आशीच हरवली हुती, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. आता दारापाशी उभ्या हायेत ना, त्याच बाई." सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. मला हसावं लागलं. तास सुटल्यावर मी तिला गाठलं आणि म्हटलं, पुन्हा सांग.

"अगं, तुला ठाऊक न्हवतं व्हय? आमाला तर मास्तर दरसाली सांगायचे. तू चार वर्साची. त्यांचं बोट सुटलं. बैलं, म्हशी, गाड्या, समदीकडं हिंडले, नरडं बसलं वरडून. शेवटी तू एका शेळ्यावाल्या म्हातारीजवळ बसून शेव खात हुतीस. मास्तर तितंच शेणात खाली बसले. तुला मांडीवर घेतलं, पन तोंडातून शबुद फुटंना. म्हनायचे, योसेफाच्या तोंडी पवित्र शास्त्रात एकबी वाक्य न्हाई, त्याचं कारन मला त्या दिवशी कळालं."

बाबा, ही गोष्ट माझी होती. तुम्ही ती दरवर्षी गावच्या पोरांना वाटलीत. तासाला मी बाहेर असताना, किंवा मी यायच्या वयाची होण्याआधी, कधी कुणास ठाऊक, पण मला वगळून. तुम्ही माझ्यासाठी शेणात बसलात, हे मला या वयात तिच्या तोंडून कळावं? मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्या क्षणी मी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते आणि मला ते ओरबाडून घ्यावेसे वाटत होते, कारण "शबुद" म्हणताना ती अगदी तुमच्यासारखी मान तिरकी करते.

हा कागद टपालात टाकायचा नाही, टाकून पोचणारही नाही. फक्त एक सांगते. निघताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तुला आठवत आसंल ना गं थोडंफार?" मी म्हटलं, आठवतं तर, बाबांचा शर्ट ओला झाला होता. मला काहीही आठवत नाही, बाबा.