उलटलेली पेटी

सर्वण, मंगळवार, दिवेलागण

शेजारच्या वसंतबाबच्या सुपारीच्या कुळागरातल्या बारा पोफळी आज तोडल्या. तांब्याच्या शोधासाठी पुन्हा बोअर मारणार, मशीन आत न्यायला वाट हवी. जागा ठरली ती आमच्या वेळच्या पहिल्या बोअरच्या जुन्या नोंदींवरून.

आणि ती पेटी! तेव्हा मी त्या कामावर मजूर होतो. बोअरमधून निघालेली दगडाची कांडकी खोलीच्या क्रमाने पेटीत लावायची, एवढंच काम. उतारावर पाय घसरला, पेटी उलटली. नोंदी लिहिणारे साहेब जेवायला गेलेले. मी अंदाजाने भरली. वेगवेगळ्या खोलीवरचे, तांब्याचे पितळेसारखे चमकणारे तुकडे सगळे एकत्र लावले, बरे दिसतात म्हणून. साहेबांनी लिहिलं, इथे तांब्याचा जाड थर आहे.

काल वसंतबाबने विचारलं, "तू तेव्हा थंय होतस मरे. तांबा खरा आसा?" मी मानेनेच हो म्हटलं. तेव्हा साहेबांची भीती होती. आता कसली? पेटी तर मीच भरली होती.

मघाशी तो तोडलेल्या पोफळीचा एक घोस माझ्या ओसरीवर ठेवून गेला. सगळी सुपारी कच्ची. म्हणाला, "तुज्या शब्दार जागा दिली."